सकाळ-संध्याकाळ माडी

यशवंतपूर, बेंगळुरू
१२ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई हेमलताताईंना अंबूबाईचा नमस्कार पोचावा.

फोनवर तुम्हांला नीट ऐकू येत नाही आणि यशश्री तुम्हांला "सगळं छान आहे गं आई" एवढंच ओरडून सांगते, ते मी रोज ऐकते. म्हणून म्हटलं, आपणच कागद लिहावा. माझं शिक्षण निपाणीत चौथीपर्यंत, लग्नानंतरची चाळीस वर्षं या बेंगळुरात कन्नड बोलण्यात गेली. तुम्ही मालवणात मराठी शिकवणाऱ्या बाई. चुका असतील त्या पोटात घाला.

तुमच्या जावयाचा हात कारखान्यात प्रेसखाली सापडला, त्याला आज एक महिना चार दिवस झाले. उजव्या हाताची चार बोटं गेली ते तुम्हांला ठाऊकच आहे. जखम भरली हो, पण माणूस काही भरून येईना. उजव्या हातावर पायातला काळा मोजा चढवलाय, तो झोपेत पण काढत नाही. यशश्रीला सुद्धा हात बघू देत नाही. दिवसभर आतल्या खोलीत बसतो, ताट आत मागवतो आणि दार ढकलून घेतो.

मालक चांगले आहेत. म्हणाले, प्रेसवर आता नको, स्टोअरमध्ये ये, आलेला माल गेलेला माल लिहायचं काम आहे. दोन जूनला येऊन डाव्या हातानं लिहून दाखवायचं, अक्षर वाचता आलं की जागा त्याची. नाहीतर ते दुसरा माणूस घेणार. मी हे सांगितलं तर नागनाथ काय म्हणाला? "घेऊ देत." प्रेसवर पंधरा वर्षं पोरांना काम शिकवलेला माणूस असं बोलतो.

एक बरं आहे, रक्षिता म्हणून एक पोरगी येते, हातावर उपचार करणारी. स्वल्प कडक आहे. तिनं सांगितलंय, सकाळी दहा सल माडी, संध्याकाळी दहा सल माडी, एक दिवस चुकवायचं नाही. माडी सुटली की हात आखडला म्हणून समजा. मी लक्ष ठेवून आहे, काळजी करू नका.

तुमची,
अंबूबाई


मालवण
२१ फेब्रुवारी २०२५

अंबूबाई यांस नमस्कार.

आपले पत्र पोहोचले. त्यात शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका आहेत. त्या तांबड्या शाईने दुरुस्त करून पत्र सोबत परत पाठवत आहे. राग मानू नये, तेहतीस वर्षांची सवय आहे.

पण मुद्दा तो नाही. माडीचा मजकूर वाचून मला दरदरून घाम फुटला. दहा सल? सल म्हणजे काय? आणि तेही सकाळी? आमच्या गावात ज्यांची या बाबतीत ख्याती आहे, तेसुद्धा उन्हे कलल्याशिवाय सुरुवात करीत नाहीत. आमच्या घरामागे अठरा माड आहेत, पण नारळापलीकडे त्यांचा उपयोग आम्ही कधी केला नाही.

दुःख मोठे आहे हे मला कळते. जावईबापूंचे वय अडतीस, प्रसंग वाईट. परंतु ही रक्षिता कोण? तिचे शिक्षण कुठे झाले? यशश्रीला हे सर्व ठाऊक आहे काय? आणि आपण घरातल्या वडीलधाऱ्या, लक्ष ठेवून आहात म्हणजे काय करता? समोर बसून मोजता?

उलट टपाली खुलासा करावा.

हेमलता


यशवंतपूर
१ मार्च

हेमलताताई, नमस्कार.

तुम्ही दुरुस्त केलेला कागद मिळाला. एवढं तांबडं बघून मला वाटलं कुंकू सांडलंय.

तुम्ही विचारलं ते बरोबर आहे. मी समोर बसूनच मोजते. त्याच्यावर सोडलं तर सातावर थांबतो आणि दहा झाले म्हणतो. घाम फुटतो म्हणता तर तो फुटणारच की! त्याला पण फुटतो. पहिले आठ दिवस तर डोळ्यांतनं पाणी यायचं. रक्षिता म्हणते, सवय झाली की माणूस आपण होऊन मागतो. सकाळी उपाशीपोटी केलेलं जास्त लागू पडतं.

एकट्याला कंटाळा येतो म्हणून आम्ही पण त्याच्याबरोबर बसायला लागलो. माझा खांदा किती मोकळा झालाय म्हणून सांगू! यशश्री बसवनगुडीच्या ऑफिसातनं दमून येते, आल्या आल्या दहा करते, मग चहा. शेजारच्या भाग्यलक्ष्मी अक्कांना सांध्यांचा त्रास, त्या पण येतात. परवा त्यांनी हौसेनं वीस केले. मग कसलं उठायला येतंय! दोघींनी धरून घरी पोचवलं.

तुमच्या माडांचं काय ते मला कळलं नाही, पण सावलीत बसून केलं तर चांगलंच. तुम्ही पण सुरू करा की. या वयात अंग हलकं राहतं.

अंबूबाई


मालवण
१० मार्च २०२५
(स्पीड पोस्ट)

अंबूबाई,

आता लाज सोडून स्पष्ट लिहिते. माडी ही दारू आहे! माडाच्या झाडावरून काढतात, मडक्यात आंबवतात आणि ती पिऊन माणसे गटारात पडतात. आपण ती माझ्या जावयाला उपाशीपोटी देत आहात, माझी मुलगी ऑफिसातून आल्यावर चहाच्या आधी दहा घेते, आणि वर मला सुरू करायला सांगता!

शेजारच्या भाग्यलक्ष्मीबाईंना हे व्यसन किती दिवसांपासून आहे? त्यांच्या घरात पुरुष माणूस आहे की नाही?

आठ दिवसांत उत्तर आले नाही तर मी बसमध्ये बसलेच असे समजावे. त्या रक्षिताला थांबवून ठेवा. मला तिला दोन शब्द सांगायचे आहेत.

हेमलता


यशवंतपूर
१५ मार्च

विहीणबाईंना नमस्कार. बसमध्ये बसू नका.

हा कागद नागनाथ लिहितोय, डाव्या हातानं. मी सांगायचं, त्यानं लिहायचं. कारण माझा चष्मा फुटला. (खोटं. चष्मा नाचणीच्या पिठाच्या डब्यात आहे. मी बघितला. — ना.)

अहो, कन्नडमध्ये माडी म्हणजे "करा". सल म्हणजे "वेळा". दहा वेळा करा, एवढंच ती पोरगी म्हणते. हात दाबायचा, मनगट फिरवायचं, खांदा उचलायचा. ती येता-जाता माडी माडी म्हणत राहते, म्हणून आमच्या घरात त्या व्यायामालाच माडी नाव पडलं. या गल्लीत दारूचा थेंब नाही. (कोपऱ्यावर दुकान आहे. — ना.) भाग्यलक्ष्मी अक्का तर सोमवारी, शनिवारी उपास करतात. तुमचा प्रश्न त्यांना वाचून दाखवला. त्या दोन दिवस आल्या नाहीत.

खरी गोष्ट पुढंच आहे. यशश्री तुमचं पत्र मोठ्यानं वाचत होती. "व्यसन किती दिवसांपासून आहे" इथवर आली आणि आतल्या खोलीतनं कसला तरी आवाज आला. मला वाटलं पडला! पळत जाऊन दार उघडलं तर हा पोट धरून हसायला लागलेला. दोन महिन्यांनी हसला हो माझा मुलगा. मी दारातच बसून रडले. (रडली नाही. "हसतोस काय रे मूर्खा" म्हणून ओरडली. मग रडली. — ना.)

तुमच्या पायाशी डोकं ठेवावंसं वाटलं मला. अजून काही चुकीचं समजायचं असेल तर समजा, लाजू नका.

अंबूबाई

(अक्षराबद्दल माफ करा. एवढं लिहायला तीन तास लागले. लिहिलेलं हाताखाली येऊन पुसलं जातंय. आणि मी हे आईच्या हट्टापायी लिहिलंय, दोन जूनसाठी नाही. मी जाणार नाही. — ना.)


मालवण
२५ मार्च २०२५

जावईबापू नागनाथराव यांस आशीर्वाद.

पत्र तपासले. दहापैकी अडीच. त्यातला अर्धा गुण कंसातील मजकुरासाठी आहे.

माडीसंबंधी मी बोलले ते सर्व मागे घेते. भाग्यलक्ष्मीबाईंना सोलकढीसाठी कोकम पाठवत आहे, तेवढ्यावर भागेल अशी आशा आहे.

आता एक गोष्ट सांगते, ती यशश्रीलाही ठाऊक नाही. तेहतीस वर्षांत माझ्या वर्गात जेवढी डावखुरी मुले आली, त्या सगळ्यांच्या डाव्या हातावर मी पट्टी मारली. शाळेत तशीच पद्धत होती आणि मी ती अभिमानाने पाळली. एकालाही मी डाव्या हाताने लिहू दिले नाही. आणि आता जावयाला डाव्या हाताने लिहायला शिकवावे म्हणून खडू घेऊन बसले, तर मला काही येत नाही! काल मला स्वतःची फार लाज वाटली.

म्हणून गुरुदत्तकडे गेले. हा माझा जुना विद्यार्थी, आता होड्यांवर नावे रंगवतो. माझ्या पट्ट्या खाऊन उजव्या हाताने शाळा संपवली आणि घरी जाऊन डाव्याने चित्रे काढली असा तो मुलगा. मला दारात बघून त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या! मी म्हटले, मारायला नाही आले, शिकायला आले.

त्याने सांगितले ते असे. कागदाचा डावा वरचा कोपरा वर सरकवा, कागद तिरपा ठेवा. पेन टोकापासून थोडे लांब धरा. हात ओळीच्या खाली राहू द्या, म्हणजे पुसले जाणार नाही. आणि शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढा. हे शेवटचे मी आयुष्यभर चूक म्हणून खोडत आले, पण तसेच करा.

रोज एक पान. गृहपाठ दर आठवड्याला टपालाने यावा.

हेमलता


यशवंतपूर
९ एप्रिल

बाईंना नमस्कार.

(सासूबाई म्हणायला जीभ वळत नाही आता, गुण देता म्हणून.)

गृहपाठ सोबत आहे. कागद तिरपा केला, पुसायचं थांबलं. गुरुदत्त अण्णांना सांगा, मानलं. "ळ" मात्र अजून खाटेवरून पडलेल्या माणसागत होतोय.

आज आई देवळात गेली म्हणून हे लिहितो. तिला सांगू नका.

दवाखान्यातनं घरी आलो त्या दिवशी आईनं ताट वाढलं. मी डाव्या हातानं घास उचलला. तिच्या तोंडातनं निघून गेलं, "अरे, डाव्या हातानं काय जेवतोस?" लगेच जीभ चावली तिनं. तिचा दोष नाही. लहानपणापासून मला तेच सांगत आली. पण तेव्हापासून मला कुणाच्या समोर घास तोंडात घालवत नाही. म्हणून आत बसतो.

अक्षर येईल, मला कळतंय. पण स्टोअरला खिडकी असते. तिथनं दिवसभर माणसं येतात, माल मागतात, हात पुढं करावा लागतो. ती सगळी मी शिकवलेली पोरं. त्यांना मी रोज ओरडायचो, प्रेसमध्ये हात घालू नका, लक्ष कुठाय तुमचं. आणि हात माझाच गेला. कसा बाहेर काढू हा हात त्यांच्यासमोर? यशश्रीसमोर निघत नाही अजून.

दोन जूनचं तुम्ही धरून चालू नका. गृहपाठ तेवढा पाठवत राहतो. वेळ जातो.

नागनाथ


मालवण
१९ एप्रिल २०२५

नागनाथराव,

हे पत्र मी डाव्या हाताने लिहीत आहे. तुम्हांला वाचायला त्रास होईल, तो सोसा. मला लिहायला याच्या चौपट झाला आहे. मी स्वतःला दहापैकी एक दिला. तुम्ही गृहपाठात पाच मिळवलेत. तेव्हा आजपासून तुम्ही माझ्या पुढच्या बाकावर.

परवा गुरुदत्तला जेवायला बोलावले. उजव्या हाताने जेवत होता, निम्मा भात मिशांत. मी विचारले, घरी कसा जेवतोस रे? म्हणाला, घरी डाव्याने, बाई, पण तुमच्या घरात कसा जेवू? मी म्हटले, जेव डाव्याने. तर म्हणतो, "आधी पट्टी कुठे आहे ती दाखवा." मी उठून पट्टी शोधली आणि त्याच्या पाटाजवळ ठेवली. मग तो डाव्या हाताने जेवला. तीनदा भात घेतला. मी समोर बसून बघितले आणि मला काहीही झाले नाही. आभाळही पडले नाही. माझी एवढी वर्षे उगाच गेली, नागनाथराव.

तुमच्या आईंना मी सांगणार नाही. पण त्यांच्या तोंडून जे निघाले तेच माझ्या तोंडून निघाले असते, आणि वर पट्टीही बसली असती.

धीर देणे मला जमत नाही. वर्ग सांभाळणे जमते. म्हणून एवढेच सांगते, दोन जूनला हजर राहा. मोजा घालून जा. हवे तर दोन मोजे घाला. पण हजर राहा. गैरहजर मुलाला मी आजवर पास केलेले नाही.

हेमलता


यशवंतपूर
१२ मे

हेमलताताईंना अंबूबाईचा नमस्कार.

हा कागद मीच लिहितेय. चष्मा डब्यातनं काढला. धुतला तरी काचेला पीठ आहे.

आधी गुन्हा कबूल करते. तुमचं पत्र नागनाथच्या उशीखाली होतं, ते मी चोरून वाचलं. तुमचं अक्षर एवढं वाईट होतं की चोरीला तीन दिवस लागले. रोज तो अंघोळीला गेला की चार ओळी.

मी तसं बोलले होते ताई. बोलले त्या क्षणापासून मला माहीत होतं तो आत का बसतो. चार महिने मी देवाला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, सगळ्यांना सांगितलं की तो आत का बसतो कोण जाणे. आपलीच जीभ कशी दाखवू कुणाला?

माफी मागायला गेले तर माझ्यानं बोलवेना. मग मी काय केलं, माझं ताट घेतलं आणि आत जाऊन त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, बाहेरचा पंखा बिघडलाय. तो जरा सरकला. भिंतीकडं तोंड करून जेवला. दुसऱ्या दिवशी पण गेले. तिसऱ्या दिवशी यशश्री तिचं ताट घेऊन आली, म्हणाली, मला पण उकडतंय. ती खोली केवढी! कपाट, कॉट, शिलाई मशीन, आणि आम्ही तिघं मांडीला मांडी लावून. चौथ्या दिवशी भाग्यलक्ष्मी अक्का कोकम कसं लागलं ते सांगायला आल्या, त्यांना पण वाढलं. त्यांना मांडी घालता येत नाही म्हणून त्या कॉटवर बसल्या आणि वाटीतलं सारू, म्हणजे आपलं सार, सांडलं ते नेमकं नागनाथच्या डोक्यावर.

तेव्हा तो उठला. म्हणाला, "अरे काय चाललंय, बाहेर एवढी जागा असताना! चला बाहेर." ताट डाव्या हातात घेऊन पुढं गेला आणि बाहेरच्या खोलीत सगळ्यांच्या मध्ये बसून जेवला. डाव्या हातानं. मी वाढत होते आणि तोंड घट्ट मिटून घेतलं होतं, न जाणो.

घरात जेवतोय आता बाहेर बसून. पण मोजा अजून हातावरच. दोन जूनचं विचारलं की "बघू" म्हणतो. आधी "नाही" म्हणत होता. कन्नडमध्ये "नोडोणा" म्हणतात ना, तसं, त्यात निम्मा होकार असतो आणि निम्मी टाळाटाळ.

माझ्या या पत्रात चुका किती ते कळवा. खरंच कळवा.

अंबूबाई


यशवंतपूर
२ जून

बाईंना नमस्कार.

हजर राहिलो.

वाईट बातमी आधी सांगतो. अक्षर कुणी बघितलंच नाही. अडीच महिन्यांचा गृहपाठ, तुमचे दहापैकी सहा, शिरोरेषा उजवीकडनं डावीकडं, सगळं पाण्यात! स्टोअरमधल्या शिवकुमारनं माझ्यापुढं कॉम्प्युटर सरकवला. एप्रिलपासून वही बंद आहे. मी म्हटलं, मग मालक लिहून दाखव का म्हणाले? तर म्हणाला, मालकांना अजून कुणी सांगितलं नाही. तो स्वतः दहा बोटं असून एका बोटानं टाइप करतो. मी डाव्या हातानं बसल्या बसल्या त्याच्यापेक्षा लवकर बारा नोंदी केल्या. जागा मिळाली. आज तिथंच कामाला बसवलं, उद्यापासून सकाळी आठला.

पण ते नंतरचं. आधी मी गेटवरच अडकलो होतो.

आमच्याकडं हजेरी मशीनवर अंगठा ठेवून लागते, त्याशिवाय आडवा दांडा उघडत नाही. मी डावा अंगठा ठेवला. मशीन म्हणालं, पुन्हा ठेवा. पँटला पुसून ठेवला. पुन्हा ठेवा. मागं सकाळच्या पाळीची रांग, पंचवीस-तीस जण, सगळे ओळखीचे आणि सगळे गप्प. त्या पोरांना एवढं गप्प मी पंधरा वर्षांत बघितलं नव्हतं. मला वाटलं, झालं, आता मागं फिरावं. तोंड पण फिरवलं होतं मी.

तेवढ्यात मागनं प्रेसवरचा नागराज ओरडला, "नागण्णा, मशीन बसवलं तेव्हा उजवा दिलेला तुम्ही! तो लावा ना, आमची हजेरी चुकायलीय इथं!"

मला असला राग आला म्हणून सांगू! पाच महिने जो हात बायकोला दाखवला नाही, तो या गाढवाला हजेरीसाठी पाहिजे. रागाच्या भरात मोजा दातानं ओढून काढला, टाकला तिथंच, आणि अंगठा ठेवला. टुण् वाजलं. वर माझं नाव आलं, खाली टोकन नंबर, जानेवारीत होता तोच. दांडा उघडला. मी तिथंच उभा, त्या नावाकडं बघत. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. नागराज म्हणाला, "आता सरका की."

घरी आल्यावर यशश्रीनं हात हातात घेऊन बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाली, नख कापायला झालंय तुझं. आई स्वयंपाकघरातनं बाहेरच आली नाही, नुसती भांडी आपटत होती.

आणि हो, संध्याकाळी सुटताना गेटवरच्या वॉचमननं तो काळा मोजा दोन बोटांत धरून वर केला आणि सगळ्यांना विचारलं, हा कुणाचा? मी म्हटलं, माझा नाही.

तुमचा विद्यार्थी,
नागनाथ